‘घरगुती कारण’ लिहिलं की फाईल बंद. घरातल्या ताणाचं काय?

तालुक्याच्या बातम्या वाचणाऱ्याला एक ओळ आता पाठ झाली आहे : ‘घरगुती कारणातून टोकाचे पाऊल उचलल्याचा प्राथमिक अंदाज.’ पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत तीच ओळ असते. पारावरच्या चर्चेत आणि दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांच्या तोंडीही तीच. दोन शब्दांत सगळं सांगून झालं असं वाटतं. पण घरात नेमकं काय चाललं होतं, कधीपासून, ते कुणाला दिसत होतं आणि मदत कुठे अडली, यातलं काहीच त्या ओळीतून कळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १ लाख ७१ हजार ४१८ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२ हजार ६८७ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. कारणांच्या तक्त्यात पहिला नंबर ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्याचा, ३१.९ टक्के. त्याखाली आजारपण, १९ टक्के. कर्जबाजारीपणाचा रकाना मात्र चार टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. शेती क्षेत्रातल्या म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून १० हजार ७८६ जणांनी त्या वर्षी आयुष्य संपवलं आणि त्यातले ३८.५ टक्के महाराष्ट्रातले होते. हे आकडे शेजारी ठेवून वाचले की प्रश्न पडतो. ज्या घरात सोयाबीन भिजलं, हप्ता थकला आणि त्यावरून नवरा-बायकोत महिनाभर बोलणं बंद होतं, त्या घरातला मृत्यू कोणत्या रकान्यात जातो? हवालदार चौकशीला येतो तेव्हा घरचे जे सांगतील त्यावर ते ठरतं. ‘दोघांत वाद होता’ म्हटलं की कौटुंबिक. ‘बँकेची नोटीस आली होती’ म्हटलं की कर्ज. घर तेच, दुःख तेच, रकाना वेगळा. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, अनेक गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. फॉर्ममध्ये मात्र एकाच खुणेला जागा असते.

दोन शब्दांची किंमत

ही नुसती शब्दांची बाब नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य सरकार १ लाख रुपयांची मदत देतं. ३० हजार रोख आणि ७० हजार मुदत ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. नावावर जमीन होती का, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदावर दिसावं लागतं. पंचनाम्यात ‘घरगुती वाद’ किंवा ‘व्यसन’ असं आलं की प्रकरण ‘अपात्र’कडे झुकतं. वाद आणि व्यसन ज्या कर्जातून वाढलं ते कर्ज हातउसनं असेल, किंवा कृषी सेवा केंद्राची उधारी असेल, तर मागे राहिलेल्या बाईच्या हाती काही लागत नाही.

दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. ‘घरगुती’ म्हटलं की गावाची नजर लगेच बायकोकडे वळते. ‘तिनंच डोकं खाल्लं असंल.’ ‘सून आली अन् घर फिरलं.’ तेरावा होत नाही तोच तिला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायला गाव पुढे येऊ शकतं, हे त्यातून दिसलं. पण नवरा गेल्याचा ठपका बाईच्या माथी मारण्याची सवय कुठल्या ठरावाने अजून गेलेली नाही.

पैशाचा ताण भांडणाचं रूप घेऊन येतो

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सोलापूर भागात उभी पिकं पाण्यात गेली, काही ठिकाणी जमीनच खरवडून गेली. पंचनामे झाले, पॅकेज जाहीर झालं. त्यानंतर घराघरांत जे सुरू झालं त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

बहुतेक घरांत गोष्ट साधारण अशीच पुढे जाते. कारभारी बाहेर किती देणं आहे ते घरात पूर्ण सांगत नाही. बँक, पतसंस्था, खताची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात. सांगितलं तर बायको घाबरेल, भाऊबंदांना कळेल, सोयरिकीत नाव जाईल, ही भीती. इकडे बायकोने बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सवाल्यांकडून पोरीच्या शिक्षणाला, सासूच्या दवाखान्याला पैसे उचललेले असतात, तेही त्याला अर्धवट माहीत. एकाच छपराखाली दोन हिशेब चालतात. मग भांडण पैशावरून कधीच होत नाही. ते भाजीत मीठ जास्त पडण्यावरून होतं, मोबाईलवर कुणाशी बोलत होतीस यावरून होतं, माहेरच्या लग्नाला किती आहेर करायचा यावरून होतं.

हळूहळू माणूस बोलायचा कमी होतो. रात्री झोप लागत नाही, पहाटे तीनला जाग येते. जेवण जात नाही. रानात जायला नको वाटतं. ‘डिप्रेशन’ हा शब्द खेड्यात क्वचितच कुणी स्वतःसाठी वापरतो. ‘जिवाला बरं वाटंना’, ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘कशातच मन लागंना’ अशा शब्दांत तो आजार बोलतो. मग दवाखान्यात सलाईन लागतं, ॲसिडिटीची गोळी मिळते, चार दिवस बरं वाटतं. मनाचा आजार शरीराच्या तक्रारीचं सोंग घेऊन येतो आणि औषध सोंगाला मिळतं.

चार दिवस वाईट वाटणं हा आजार नाही. पीक गेल्यावर कुणालाही वाईट वाटणारच. पण उदासी, झोप उडणं, भूक मरणं, कशातच रस न वाटणं हे रोज, सलग दोन आठवड्यांहून जास्त चाललं आणि कामं अडायला लागली, तर डॉक्टर त्याला आजार समजून बघतात. दोन आठवडे ही खूण घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यात दारू आली की गाडा उताराला लागतो. झोप लागावी म्हणून घेतलेली दारू झोप मोडते आणि उदासी वाढवते. तिच्यापायी पैसे जातात, हात उचलला जातो आणि सकाळी त्याची लाज वाटून माणूस अजून गप्प होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारपैकी एका बाईने नवऱ्याकडून हिंसा सहन केल्याचं सांगितलं. पाहणीला आलेल्या अनोळखी माणसाला जे सांगितलं गेलं, त्याचा हा आकडा आहे.

‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको

नात्यावर कामाचा भार कसा पडतो ते बघायचं तर ऊसतोडीकडे बघावं. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. इथे लग्न हाच कामाचा करार होऊन बसतो. एकटा पोरगा अर्धा कोयता, म्हणून हंगामाच्या तोंडावर त्याचं लग्न उरकायची घाई. राज्यात २० ते २४ वयातल्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं याच सर्वेक्षणात दिसलं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण चाळिशीच्या पुढे आहे.

जोडप्यातल्या एकाने आजारपणात सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीत वाढतात. बाईची पाळी असो, बाळंतपण जवळ आलेलं असो, नवऱ्याची पाठ धरलेली असो, खाडा दोघांच्या डोक्यावर. पालात आडोसा नाही, पहाटे चारला उठायचं, रात्री गाडी भरायची. अशा संसारात ‘एकमेकांना वेळ द्या’ हा सल्ला थट्टा वाटेल. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आणि शाळेसाठी मागे ठेवलेल्या पोरांचं एकटेपण हा याच कराराचा दुसरा भाग. त्या पोरांना आई-बाप सहा महिने फोनवर भेटतात.

त्यामुळे नात्याचं आरोग्य हा नुसता स्वभावाचा विषय राहत नाही. उचल फिटत नाही तोवर ऊसतोडणीतलं जोडपं मोकळं होत नाही. त्या जोडप्यात भांडण होतं तेव्हा ‘घरगुती’ म्हणताना कोयत्याचा हिशेबही मांडायला हवा.

‘गृहिणी’ नावाचा रकाना

देशात आत्महत्या करणाऱ्या महिलांपैकी निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’ म्हणून नोंदल्या जातात. खेड्यात हा शब्द फसवा आहे. पहाटे धारा काढणारी, दुपारी खुरपणीला जाणारी, संध्याकाळी चूल पेटवणारी बाई सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी ठरत नाही. तिचं कर्ज दिसत नाही, तिचं कष्ट दिसत नाही, म्हणून तिचा ताणही ‘घरातला’ ठरतो.

तिला बोलायला जागा कुठे आहे? सासरी बोललं तर घराची अब्रू जाते. माहेरी बोललं तर ‘पटवून घे बाई, सगळ्यांच्या घरी असंच असतं’ हे उत्तर. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत उगाच रडू येणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं हा उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो. पण घरात त्याला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात, नाहीतर ‘नखरे’. बचत गटाची बैठक ही तिच्या हक्काची एकच तासाची जागा. तिथे हप्त्याचा हिशेब होतो, मनाचा होत नाही.

लग्न न जमलेला पोरगा

आणखी एक ताण गेल्या काही वर्षांत गावोगावी वाढला आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. बातमी चवीने वाचली गेली, हसण्यावारी नेली गेली. त्यामागे दोन गोष्टी होत्या. गर्भलिंगनिदानाने घटलेल्या मुली ही पहिली. मुलीच्या आई-बापालाच शेतीचा भरवसा उरलेला नाही, ही दुसरी.

तिशी ओलांडलेला असा मुलगा घरात रोज ऐकतो : ‘अमक्याचं जमलं, तुझं काय?’ लग्नाच्या मांडवात जायचं तो टाळतो, मित्रांत बसायचं टाळतो. एजंटाला दोन-अडीच लाख देऊन बाहेरून नवरी आणायची, आणि ती आठ दिवसांत दागिने घेऊन पळाली की पोलीस ठाण्यात तोंड दाखवायची लाज. अशा पोरांच्या मनाची चौकशी ना घर करतं ना सरकारी योजना. ते कुठल्याच सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत.

उपचार झाला की घरही सावरतं

हे सगळं वाचून ‘आता काय करणार, परिस्थितीच तशी’ असं वाटू शकतं. पण याच मातीत झालेली कामं वेगळं सांगतात.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी मनाच्या आजाराबद्दल बोलणं सुरू केलं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे जोडून दिलं. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण कुठेतरी मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते २७ वर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. पाऊस तोच होता, बाजारभावही कुणी वाढवून दिला नव्हता. वाढली होती ती बोलायची सोय.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला प्रयोग तर थेट नात्याशी जोडलेला आहे. ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांचं समुपदेशन करून घेतलं. सहा ते आठ बैठका, काही केंद्रात, काही रुग्णाच्या घरी. बंद पडलेली छोटी कामं पुन्हा सुरू करायची, लोकांत मिसळायचं, अडचण तोडून तोडून सोडवायची, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. आणखी एक गोष्ट दिसली. समुपदेशन मिळालेल्या बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली होती. बाईचं मन सावरणं आणि घरातली हिंसा कमी होणं या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, याचा हा पुरावा.

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातलेच स्वयंसेवक मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवत, दारू, घरातली भांडणं, बेकारी यांवर लोकांना बोलतं करत आणि शेजारी म्हणून ऐकून घेत. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ने दारू-तंबाखूच्या व्यसनासाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार नेले. या चारही ठिकाणी मोठी इमारत लागली नाही. शिकवलेला माणूस, ठरलेला दिवस आणि पुढच्या वेळी पुन्हा येणारी भेट, एवढं लागलं.

यंत्रणा आहे, तालुक्यात दिसत नाही

कागद पाहिला तर कमी काही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासूनचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं शोधायची आणि पुढे पाठवायची. १० ऑक्टोबर २०२२ला ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. आशाताईंच्या पिशवीत आधीच लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, आयुष्मान कार्ड अशी ढीगभर कामं. त्यात ताणाचे प्रश्न विचारायचे ते ओसरीवर, सासू समोर बसलेली असताना. सुनेचं उत्तर ठरलेलं : ‘सगळं बरं हाय, ताई.’ फॉर्म भरतो, बाई तशीच राहते. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाडा आणि खानदेशाच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर जिल्ह्याला जायचं, म्हणजे एका माणसाची मजुरी बुडाली, दोघं गेले तर दोघांची. पहिल्या खेपेला गर्दी, दुसऱ्या खेपेला ‘डॉक्टर ट्रेनिंगला गेले’, तिसऱ्या खेपेला कुणी जात नाही.

भीती कायद्याचीही असते. ‘दवाखान्यात सांगितलं तर केस होईल.’ मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला उपचार, पुनर्वसन मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड विधानातलं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामात दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. ही माहिती गावात पोचलेली नाही, म्हणून कितीतरी घरं वाचलेल्या माणसाला घेऊन गप्प बसतात आणि दुसऱ्या खेपेची वाट मोकळी राहते.

घराला जमण्यासारखं

सगळा भार घरावर टाकणं बरोबर नाही. तरी ताण सगळ्यात आधी दिसतो तो घरातच, आणि काही गोष्टी आजपासून जमण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, देण्याघेण्याची वही दोघांची असावी. कुणाचं किती, व्याज किती, कधीपर्यंत, हे नवरा-बायकोने एका जागी लिहावं. आकडा मोठा निघेल, पण एकट्याच्या डोक्यातला आकडा नेहमी त्याहून मोठा वाटतो.

दुसरी, ऐकताना घाईने सल्ला देऊ नये. ‘मनाला लावून घेऊ नको’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले’ ही वाक्यं धीराची वाटतात, पण समोरच्याचं तोंड बंद करतात. ‘कधीपासून असं वाटतंय?’ एवढं विचारून गप्प बसलं तरी माणूस बोलतो.

तिसरी, शंका आली तर सरळ विचारावं. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने डोक्यात तसा विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं एरवीही कुलपात असावीत, अशा वेळी तर ती घरातून हलवावीत. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ टळला आणि मदत मिळाली तर माणूस वाचतो.

चौथी, औषधं सुरू झाली तर धीर धरावा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. देवदर्शन करावं, वारी करावी, भजनात बसावं, त्याने मनाला आधारच मिळतो. पण बाबा-बुवा ‘गोळ्या बंद कर’ म्हणाला तर त्याचं ऐकू नये.

आणि एक अपवाद. जिथे मारहाण आहे तिथे ‘समजुतीने घ्या’ हा सल्ला द्यायचा नाही. तिथे आधी बाईची आणि पोरांची सुरक्षितता बघायची. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा आहे. तालुक्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. पंचांनी चार माणसांत बसवून ‘नांदायला जा’ म्हणणं हा त्यावरचा उपाय नाही.

गावाने मागावं असं काही

ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांवर तास जातो. त्यात दहा मिनिटं या प्रश्नाला मिळायला हरकत नाही. मागण्याही साध्या आहेत. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी यावा आणि तो दिवस फलकावर लिहिलेला असावा. गोळ्या तालुक्यातच मिळाव्यात, त्यासाठी जिल्ह्याची खेप नको. आशाताईंना या कामाचं नीट प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळावा, आणि बाईशी एकटीने बोलायला उपकेंद्रात एक खोली असावी. १४४१६ हा नंबर दूध संकलन केंद्रावर, कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर, बाजार समितीत आणि साखर कारखान्याच्या गेटवर लागावा. ताणातला माणूस दवाखान्यात जाण्याआधी या जागांवर जातो.

मदतीची प्रकरणं अपात्र ठरवताना ‘घरगुती कारण’ या शेऱ्यामागे नेमकं काय तपासलं, हे समितीने लिहून द्यावं, असाही आग्रह लोकप्रतिनिधींना धरता येईल. स्थानिक बातमीदारांनाही हे लागू आहे. पोलिसांच्या नोटमधले दोन शब्द तसेच छापण्याऐवजी निदान ‘कारणाचा तपास सुरू आहे’ एवढं लिहिलं आणि खाली मदतीचा नंबर दिला, तरी एका घरावरचा ठपका टळेल. दुसऱ्या एखाद्या घरातलं माणूसही त्या नंबरवर फोन लावेल.

मदत कुठे मिळेल

टेलिमानस : १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ (मोफत, चोवीस तास, मराठीत)
महिला हेल्पलाईन : १८१
तातडीची पोलीस मदत : ११२
तातडीची रुग्णवाहिका : १०८
गावात : आशाताई, आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र
जिल्ह्याच्या ठिकाणी : जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग